दाराशी थांबलेली मेरीमाता

वाशी, ऑक्टोबर १९८२

तीर्थरूप आईस, रावसाहेबचा जयभीम.

माझा खोकला जवळपास गेलाय. तुझे गुडघे काय म्हणतात?

इथले ख्रिश्चन शेजारी मेरीमातेची मूर्ती रोज एकेकाच्या घरी नेतात. काल गाणी म्हणत जिना चढत होते. बाकीचे लोक दारं लोटून फटीतून बघत होते. वाऱ्यानं मेणबत्त्या विझल्या, म्हणून फिलोमिनाबाईंनी माझ्याकडे काडेपेटी मागितली. मूर्ती टेकवायला मी स्टूलही दिलं. तिच्या पायाखाली साप आहे. तो का, ते विचारायचं राहिलं.

गावात पालखी आपल्या वस्तीच्या अलीकडूनच वळायची, तरी तू दरवर्षी अंगण सारवून ठेवायचीस. का गं?

मी हात काही जोडले नाहीत. पण स्टूल आधी पुसून घेतलं.

तुझा,
रावसाहेब