हात न लावता घेतलेली झडती

माय, तुझ्या त्या काठीची मला अजून किळस येते. आज सकाळी पुन्हा आली. मी आता पोरींना शिकवते, हे तुला ठाऊक नाही. दवाखान्यांना, दुकानांना, परीक्षेच्या हॉलला वॉचमन पुरवणारी एक कंपनी परभणीतच आहे. तिच्यात नव्यानं लागलेल्या पोरींना मी उभं राहायला, शिट्टी वाजवायला, येणाऱ्याचं नावगाव विचारायला आणि झडती घ्यायला शिकवते. आधी सांगायचं, मग विचारायचं, मग हाताच्या पाठीनं, खांद्यापासून खाली, आणि नजर समोरच्या बाईच्या तोंडाकडे. हे सांगत होते तेवढ्यात एका पोरीनं विचारलं, "मॅडम, एखादी बाई तसली असली तर? हात लावायलाच पायजे का?" तसली म्हणजे कसली, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. तोंडात आंबट पाणी आलं. पोरींना विश्राम सांगितला आणि बाहेर जाऊन थुंकून आले. ती पोरगी काही वाईट नाही. घरी ऐकलेलं तिनं बाहेर काढलं, इतकंच. तू असतीस तर तिला जवळ बसवून घेतलं असतंस.

बाबा गेल्यावर भाऊबंदांनी आपल्याला गावात टिकू दिलं नाही, आणि गंगाखेडकडचं ते गाव सोडून आपण परभणीला जिनिंग मिलच्या मागं खोली घेतली. मी तेव्हा सासरहून परत आलेली. मला आत कापूस निवडायचं काम मिळालं आणि तुला गेटावर, कारण शेठला बायांच्या झडतीसाठी बाईच हवी होती, आणि तीही चांगल्या घरची. लुगड्यावर खाकी कोट, खिशात शिट्टी, हातात बाभळीची काठी. सकाळी आत जाणारीजवळ काडीपेटी, बिडी नाही ना हे बघायचं, कारण कापसाच्या ढिगाला एक ठिणगी पुरते. संध्याकाळी बाहेर पडणारीजवळ कापूस नाही ना हे बघायचं. जीप आली की स्टुलावरून उठून सलाम ठोकायचा, आत शेठ आहे की नुसता ड्रायव्हर हे बघत बसायचं नाही. या कामात तू इतकी मुरलीस की घरी कुणी दार वाजवलं तरी आधी त्याच्या कमरेकडे बघायचीस. माझी झडती तर तू इतर बायांपेक्षा जास्त वेळ घ्यायचीस, अंबाडा सोडायला लावायचीस, डब्याचं बूड ठोकून बघायचीस, कुणी तुझ्याकडे बोट दाखवू नये म्हणून. त्याचा मला राग नव्हता. खरं सांगायचं तर तेव्हा अभिमानच वाटायचा.

पण तुझ्या गेटावर बायांच्या रांगा दोन होत्या. एक आपली. दुसरी 'तिकडच्या' बायांची, असं तू म्हणायचीस. भीमनगरातल्या बौद्ध बाया, असं म्हणायला तुझी जीभ वळत नसे. दोन रांगा करा असं शेठनं सांगितलं नव्हतं की मुनीमानं. ती तुझीच सोय होती. आपल्या रांगेतल्या बाईच्या कमरेला हात लावून तू तिला झटक्यात मोकळी करायचीस. तिकडच्या बायांना शिवायचं नाही, म्हणून त्यांनी आपल्या हातानं केस सोडायचे, पदर काढून झटकायचा, ओचा मोकळा करायचा, जागच्या जागी उड्या मारायच्या, आणि तू लांबून काठीनं लुगड्याचा काठ उचलून बघायचीस. बाट नको म्हणून तू शिवत नव्हतीस, आणि तू शिवत नव्हतीस म्हणून समोरची जास्त उघडी पडत होती. पलीकडे पुरुषांची रांग असायची. ते खाली मान घालून बघायचे, म्हणजे बघायचेच. मी आपल्या रांगेतून सुटून डबा हातात घेऊन तुझी वाट बघत उभी राहायची. हे लिहितानाही अंगावर शिसारी येते.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीनंतरचा तो हंगाम होता. खेड्यांत घरं जळली होती, आणि तिथून उठून आलेल्या काही बाया मिलमध्ये नव्यानं लागल्या होत्या. त्यांच्यावर डोळा ठेव, असं मुनीमानं तुला बजावलं होतं. त्यातली एक गरोदर होती, दिवस भरत आलेली. एका संध्याकाळी झडतीला तू तिला बाजूला काढलंस.

"पोटाला काय बांधलंय?"

"काय न्हाई बाई. दिवस हायेत."

"सकाळी येवढं न्हवतं दिसत."

आणि तू काठीचं टोक तिच्या पोटाला लावून दाबलंस. हळूच दाबलंस, ते मला दिसलं. पण भरलेलं पोतं टोचून बघतात तसंच दाबलंस. ती मागं सरकली नाही. तिनं काठी बाजूला केली, तुझं मनगट धरलं आणि तुझा हात आपल्या पोटावर ठेवला. "हातानं बघा. कापूस लाथ मारत न्हाई," ती म्हणाली. आतलं लेकरू हललं असणार, कारण मी बघत होते, तुझं तोंड एकदम मऊ झालं. तिनं तुझं मनगट सोडलं, तरी तुझा हात थोडा वेळ तिथंच राहिला, माय. मग तू तो काढून घेतलास आणि कोटाला पुसलास.

घरी आल्यावर तू उंबऱ्याबाहेरच थांबलीस. थंडीचे दिवस, अंधार पडत आलेला. "पाणी टाक," म्हणालीस. मी तुझ्या डोक्यावर घागर ओतली, कोटासकट. मग तू चुलीतली राख मागितलीस आणि तो हात घासत बसलीस, कातडी लाल होईपर्यंत. मी विचारलं, "पोटातल्या लेकराचा बाट लागला का?" तू म्हणालीस, "लय बोलायलीस तू. पाणी टाक." दुसऱ्या दिवशी सकाळी तू मुनीमाला सांगितलंस, ती बाई माझ्या अंगावर आली, माझा हात पिरगळला. गेटावर वॉचमनचं खरं. तिला आत सोडलं नाही. दुपारपर्यंत ती बाहेर लिंबाखाली बसून होती, हे मला पाणी प्यायला आलेल्या बायांनी सांगितलं. मग उठून गेली. संध्याकाळी तू केलेली भाकर मी ताटात तशीच ठेवली, आणि तू मला विचारलंस, "पित्त झालंय का?"

तुझे गुडघे गेल्यावर शेठनं तुझ्या जागी मला घेतलं. तेव्हा मिलच्या अंगणात एक निवृत्त हवालदार आम्हा नव्या वॉचमनांना कवायत शिकवायला यायचा. सावधान, विश्राम, आग लागली तर वाळूच्या बादल्या हातोहात कशा द्यायच्या, शिट्टी कधी लांब आणि कधी तोडून वाजवायची. झडतीचं विचारलं तर म्हणाला, ते बायांचं काम, तुझ्या आईला विचार. म्हणून पहिले काही दिवस तू माझ्या शेजारी स्टूल टाकून बसलीस. बाया कापूस कुठं लपवतात ते तुला सगळं पाठ होतं. अंबाड्यात, डब्याच्या दुहेरी बुडात, कडेवरच्या लेकराच्या टोपड्यात. सांगताना तुझे डोळे चमकायचे. तुझ्याइतकं चांगलं ते मला कुणी शिकवलं नसतं, आणि तेच ऐकताना मला वाटायचं, हिच्या तोंडावर हात ठेवावा.

त्याच दिवसांत ती परत आली. पोटातलं लेकरू आता तिचं बोट धरून चालत होतं. मुनीम बदलला होता, नव्या मुनीमाला काही ठाऊक नव्हतं, त्यानं तिला कामावर घेतलं. तुम्ही दोघींनी एकमेकींना ओळखलं. संध्याकाळी ती दुसऱ्या रांगेत उभी राहिली, कुणी न सांगता. तू काठी माझ्याकडे सरकवलीस. "हिला काठीनं. दिसायलंय तेवढं पुरं."

मी काठी भिंतीला टेकवली आणि तिला आपल्या रांगेत बोलावलं. दुसऱ्या रांगेतल्या बाकीच्या बायांनाही बोलावलं. तिला विचारलं, "झडती घेऊ का?" ती हसली, कारण असं कुणी विचारत नव्हतं. मी तिच्या कमरेला, पदराला, केसांना हात लावला. घामाचा आणि सरकीचा वास होता, माझ्या अंगाला येत होता तोच. "बाई, लय गार हाय हात तुमचा," ती म्हणाली, आणि लेकराला घेऊन निघून गेली. मागं वळून बघायचं मला धैर्य झालं नाही, कारण तू बघत होतीस.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. "गेटावरचे हात घेऊन चुलीपाशी येऊ नकोस. राखंनं धू, आंघोळ कर, मग शिव." गेटावर मी रांग एकच ठेवली, पुन्हा कधी दोन होऊ दिल्या नाहीत. घरी मात्र तुझं ऐकलं. रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर बसून हात घासले, वर्षानुवर्षं, आणि घासताना मला तुझी नव्हे, माझीच किळस यायची. न घासता आले असते तर तू माझ्या हातचं खाल्लं नसतंस. शेठच्या बंगल्यावर तुला चहा मिळायचा तो कानतुटक्या कपात, मागच्या ओट्यावर. प्यायलीस की तो कप तूच विसळून भिंतीशी पालथा घालायचीस. मी एकदा त्या कपावरून बोलले. "मोठ्या लोकायची रीत हाय ती," तू म्हणालीस, आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरलास.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या हिवाळ्यात तू दवाखान्यात होतीस. वॉर्डात कुणीतरी पेढे वाटले. तू घेतला नाहीस. "नाव बदलून काय हात बदलत्यात का," म्हणालीस. मला तुझा संताप आला, आणि उशीवर तुझी मान इतकी बारीक दिसत होती की संतापाचीही लाज वाटली. हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला मी तुझ्याजवळ बसले असते तरी इथवर आल्यावर थांबले असते. त्याच आठवड्यात मी एकदा गेटावरून थेट तुझ्याकडे आले, संध्याकाळची सगळी रांग मोकळी करून. शेवटची झडती तिचीच घेतली होती, जिनं तुझा हात आपल्या पोटावर ठेवला होता. तुझे ओठ सुकले होते. मी पेल्यातून चमचाभर पाणी तुझ्या तोंडाशी नेलं, तर तू ओठ मिटून घेतलेस आणि विचारलंस, "हात धुतलेस का?"

मी हो म्हणाले. धुतले नव्हते, माय. तू ते पाणी प्यालीस, आणि आणखी दे म्हणालीस.