नसरीनला सांगायचं नव्हतं

३ नोव्हें., परळी
समूहगानाची तालीम लांबली. जोगदंड सर म्हणाले, जात्यावरच्या ओव्या बसल्या, पण स्पर्धेचं सक्तीचं लॅटिन गाणं अजून परकं वाटतंय. परकंच आहे ते. ओव्यांची सुरुवात नसरीन एकटी करते, मग आम्ही सगळे खालून शिरतो. ती गायला लागली की सरसुद्धा हात हलवायचं विसरतात.
तिचे अब्बू गॅरेज बंद करून तिला न्यायला आलेले. मी त्यांना चाचा म्हणते. हॉलबाहेर मोटारसायकलवर बसून ऐकत होते. आत या म्हटलं तर, "कपडे ऑइलचे हायेत बेटा. हितून साफ ऐकू येतं."
लई बारीक झालेत. नसरीन म्हणते शुगरमुळं.

६ नोव्हें.
हैदराबादच्या गाडीत, तिथून स्पर्धेसाठी विमान. सगळ्यांच्या घरचे स्टेशनवर. आई रडली, मग मला रडू नको म्हणाली. चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाण्याच्या आदी ही काही खात न्हाई. तू जबरदस्तीनं खाऊ घाल." गाडी सुटायच्या आधीच निघून गेले. नसरीन म्हणाली, त्यांना निरोप जमत नाही.

८ नोव्हें., बांडुंग
रात्री पोचलो. विमानं दोन, मग बस. इंडोनेशिया नुसता हिरवा. अंग अजून हलतंय.
पहाटे अजान झाली तशी नसरीननं मला हलवलं. "पल्ले, हितंबी." फोनमध्ये भरून अब्बूंना पाठवली. त्यांचं उत्तर आलं: आवाज चांगलाय, पण तुज्यापेक्षा कमी. दिवसभर सगळ्यांना ऐकवत फिरली.
आमच्या दिमतीला इथली एक कॉलेजची मुलगी दिलीय, सिती. ती आणि नसरीन एकमेकींना सलाम करतात. त्यापुढं दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, मग हसत बसतात.

१० नोव्हें.
पहिली फेरी पार. लॅटिन गाणं बरं गेलं. आमच्या आधी कोरियाचा संघ होता, त्यांचे बूटसुद्धा एकसारखे. ओव्या अंतिम फेरीत, परवा.

११ नोव्हें.
कसं लिहू.
नाश्त्याआधी सरांनी सगळ्यांचे मोबाईल घेतले. उद्यापर्यंत फोन नाही, लक्ष गाण्यावर. पोरं कुरकुरली. मग मला एकटीला बसमागं बोलावलं.
नसरीनच्या भावाचा, इरफानभाईचा फोन आलेला. चाचा गेले. पहाटे नमाजला उठले, छातीत कळ, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.
मी म्हटलं, तिला पाठवा सर.
"आत्ता निघाली तरी परवा पोचंल. माती आजच हाय, असरच्या नमाजनंतर, चार-साडेचारला. तिची अम्मी स्वतः बोलली माझ्याशी. म्हणाली, तिला गाऊ द्या, त्यांची तीच इच्छा होती. गाणं झाल्यावर सांगा."
"मग मला कावून सांगितलं?"
"तू तिच्या खोलीत हायस. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."
"आन् तिनं विचारलं तर?"
सर बसच्या टायरकडं बघत राहिले. त्यांचे डोळे लाल होते. त्यांचा राग आला, पण त्यांच्या जागी मी काय केलं असतं तेही कळेना.
दिवसभर तिच्यासोबत. फोन नाही म्हणून चिडलेली. तिला अब्बूंना आज तालीम ऐकवायची होती. जेवताना पहिल्यांदाच पोटभर जेवली, मला म्हणाली, अब्बूंना सांग हां, खाल्लं म्हणून. मी हो म्हटलं.
सिती डोक्याला रुमाल कसा बांधते त्याची संध्याकाळी नसरीन नक्कल करत होती, आरशासमोर. हसून हसून खाली बसली. इथं मगरिबची अजान झाली. तिकडं आपल्याकडं असरची, मातीची वेळ. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

१२ नोव्हें.
गायली. तिनं पहिली ओवी उचलली. असं ती कधीच गायली नव्हती. मी फक्त ओठ हलवले.
रौप्य. सगळे उड्या मारत होते. सोबत आलेल्या मॅडम आणि सर तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. ती जाताना मागं वळून मला "चल की" म्हणाली. मी गेले नाही.
बराच वेळ गेला. आतून रडण्याचा आवाज येईल असं वाटत होतं. आला नाही. बाहेर आली ती सरळ माझ्याकडं.
"तुला कधी कळलं?"
"काल."
"काल कधी?"
"सकाळी."
तिनं माझ्या खांद्यावरचा तिचा स्टोल काढून घेतला. मीच थंडी वाजते म्हणून मागितलेला.
सितीला कुणीतरी सांगितलं असावं. ती तिला नमाजच्या खोलीत घेऊन गेली. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. मी दाराबाहेर, त्यांच्या चपलांजवळ. तिथंच ती रडली, सितीच्या खांद्यावर. ज्या मुलीला तिच्या भाषेतला एक शब्द कळत नाही तिच्या.

१५ नोव्हें., परळी
परतीत ती मॅडमशेजारी बसली. खाल्लं नाही. मी बिस्किटाचा पुडा पुढं केला तर तिनं खिडकीकडं मान फिरवली.
स्टेशनवर ढोल. सरांनी फोन करून नको सांगितलेलं, तरी होता. पुढारी, हार, फोटो. कुणीतरी ओरडलं, सोलो गाणारी पोरगी कुठाय, पुढं आणा. इरफानभाई तिची बॅग उचलून तिला मालडब्याच्या बाजूनं बाहेर घेऊन गेला. तिच्या वाटचा हार पुढाऱ्यानं माझ्या गळ्यात घातला. घरी येऊन तो कुठं ठेवावा कळेना. गोठ्यात ठेवला, म्हशीनं खाल्ला.

१८ नोव्हें.
आईला घेऊन तिच्या घरी. चाची आम्हाला जवळ घेऊन बसल्या. म्हणाल्या, "मैंच बोली थी सरको. इसका क्या कसूर." चहा दिला.
नसरीन पलीकडच्या खोलीत. मी गेले. गादीच्या घड्या घालत होती, माझ्याकडं न बघता बोलली.
"अम्मी म्हणती तुजा दोष न्हाई. मलाबी कळतं. सांगितलं असतंस तर मी गायलेच नसते."
तिनं घडी मोडली, परत घातली.
"पण मी हसत होते गं. आरशासमोर. तिकडं त्यांना घेऊन चालले होते, आन् मी हसत होते, आन् तू मला बघत होतीस."
आईनं हाक मारली, उठले.

२५ नोव्हें.
रविवारी शाळेत सत्कार, ओव्या म्हणायच्यात. नसरीन तालमीला येत नाही. सर म्हणाले, सुरुवात तू कर. सांगते म्हटलं.
गॅरेजवर गेले. इरफानभाई इंजिन खोलून बसलेला, ती बाहेर स्टुलावर. सरांचं सांगितलं. वाटलं चिडेल.
"म्हण तू."
"तुझ्याशिवाय न्हाई म्हणणार."
"म्हणून दाखव."
तिथंच, रस्त्यावर ट्रकांची ये-जा, पहिल्या दोन ओळी म्हटल्या. ती समोर बघत होती. पाय नकळत ठेका धरत होता, मग थांबला.
"दुसऱ्या ओळीला घाई करतीस. श्वास घे ना आदी."
परत म्हणू का विचारलं. एक गिऱ्हाईक पंक्चर घेऊन आलं, ती उठली. रविवारी येशील का, हे ओठावर आलेलं, तिची पाठ बघून गिळलं.
घरी आईनं विचारलं, "बोलली का?"
"बोलली."
"काय म्हणाली?"
"घाई करतीस म्हणाली."