परक्या हाताच्या गाठी

काझुए,

फुसाबाईंबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यावर चालले आहे, संध्याकाळी येते. डोंगर पांढरा झालाय, आज-उद्या बर्फ खाली उतरेल. तेव्हा अझेलियाची झुडपं आजच बांधून टाक, नाहीतर बर्फाच्या भाराने फांद्या मोडतील. गवताचा दोर बादलीत भिजत घातलाय. कोरड्या दोराची गाठ सैल पडते. फार आवळू नकोस, कळ्या गळतात.

गेल्या वर्षी विहिरीजवळचं झुडूप तू बांधलंस, तेव्हा मी म्हटलं होतं, ही काय मुळ्यांची जुडी? पण मे महिन्यात सगळ्यांत जास्त फुललं तेच.

माझी बोटं आता मिटत नाहीत. तेत्सुओला यातलं काही बोलू नकोस. तुझा नवरा लगेच माळी आणून उभा करील. परक्या हाताच्या गाठी माझ्या झाडांना नकोत.

तुझी सासू