ढेकणांच्या नोटिशीबाबत

भिसेगाव, कर्जत
मंगळवार, २३ सप्टेंबर

प्रिय जगदीश यास कोंडीरामचा जय भीम आणि नमस्कार. (दोन्ही घे. रसायनीच्या कारखान्यात एकतीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलावर डबे उघडून जेवलो, तेव्हा कोणाचं काय हे विचारलं नाही, आता कशाला विचारायचं?) या वयात मला पत्र लिहायची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. फोन केला तर तुझा तो हर्षद उचलतो आणि ‘बाबा झोपलेत’ म्हणतो. सकाळी दहाला झोपलेले, दुपारी चारलाही झोपलेले. रात्रपाळीत ज्या माणसाने कधी डुलकी काढली नाही, त्याला म्हातारपणी एवढी झोप लागावी याचं मला नवल वाटलं. म्हणून पत्र. पोस्टाने पाठवलं तर तुझा मुलगा ते फोडील, तेव्हा तुमच्याकडे चादरी धुणाऱ्या येसूबाईच्या हाती देतो आहे.

तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे, असं इथे लिहायची रीत असते. ते वाक्य मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. का ते पुढे येईल. माझं म्हणशील तर साखर ताब्यात आहे, गुडघे ताब्यात नाहीत, आणि तुझ्या मालकीच्या या खोलीत, जिथे मी गेली सहा वर्षं भाडेकरू म्हणून सुखाने राहतो, तिथे ढेकूण झाले आहेत. थोडेथोडके नाहीत. गादीच्या शिवणीत, खाटेच्या सांध्यात, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, इतकंच काय, माझ्या चष्म्याच्या घरातसुद्धा एक निघाला. (त्याला वाचायचं काय होतं ते कळलं नाही.) कडुलिंबाचा पाला झाला, उकळतं पाणी झालं, गाद्या गच्चीवर उन्हात घालून झाल्या. मग एक फवारणीवाला आणला. तो तोंडाला फडकं बांधून आला, मला आठ तास घराबाहेर काढलं आणि स्वतः चहा पिऊन गेला. आठ दिवसांनी ढेकूण होते तसेच, उलट जरा बाळसं धरल्यासारखे वाटले.

पण आपण प्रयोगशाळेतली माणसं. मी पहिल्याच दिवशी नमुने घ्यायला सुरुवात केली. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या: नमुना क्रमांक एक, खाटेचा डावा पाय, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, घेणारा कोंडीराम. तपासणाऱ्याच्या जागी रेघ मारली. एकाने नमुना घ्यायचा आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, ही आपली पद्धत. दुसरा तू, आणि तुझा तर दोन महिने पत्ता नाही. म्हणून तुझ्या फोनवर निरोप टाकला, की खोलीत ढेकूण झालेत, येऊन बघ. उत्तर आलं, ‘ढेकूण तुमच्याच सामानातून आले असणार. पटत नसेल तर खोली सोडा.’ ते मी तीनदा वाचलं. तुझ्या फोनवरून आलं होतं, म्हणजे तूच लिहिलंस असं धरून चाललो. ढेकणांनी झाली नव्हती एवढी आग त्या दोन वाक्यांनी झाली.

त्याच आठवड्यात समीक्षा पनवेलहून आली. पोरगी वकील झाल्यापासून बापाच्या दंडावर चावून उठलेल्या गांधीसुद्धा पुरावा म्हणून बघते. तिने फोटो काढले, मला डॉक्टरकडे नेऊन कागद घेतला आणि मग मला बसवून कायदा शिकवला. भाडेकरूने आधी मालकाला लेखी कळवायचं आणि त्याची प्रत जपायची. मग नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात तक्रार करायची. खोली राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं काम, तो ऐकत नसेल तर कोर्टाची पायरी. हे सगळं तिने इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मला खाजवायचीही चोरी झाली. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याचं मात्र सोपं असतं. त्याला एका रात्रीत चावलं तरी तो थेट अलिबागला ग्राहक आयोगात जाऊ शकतो. मी दोन महिने चावून घेतलं, तरी मला आधी तुझ्याशी पत्रव्यवहार करायचा! शेवटी नोटीस लिहायला बसताना तिने विचारलं, ‘बाबा, काका म्हणून लिहू की मालक म्हणून?’ मी रागात होतो. म्हटलं, मालक म्हणून लिही. तिने लिहिलं, पण लिहिताना माझ्याकडे बघितलं नाही.

मग ती म्हणाली, ढेकूण तुम्हीच आणले असं ते म्हणणार, तेव्हा ते कुठून आले ते आपल्याला दाखवावं लागेल. मी वही काढली. पहिला नमुना एकोणीस जुलैचा. त्याच्या आधी सोळा तारखेपासून तीन दिवस या खोलीत कोण राहिलं होतं? तू! बंगल्यात रंगकाम चाललंय म्हणून स्वतःची वळकटी घेऊन आला होतास. खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंदच झाला. मालकानेच ढेकूण आणले, यापेक्षा भक्कम पुरावा भाडेकरूला कोणता हवा? त्या संध्याकाळी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. हात धुताना मात्र डोक्यात आलं, की गुळगुळीत फरशीच्या त्या बंगल्यात ढेकूण येतील कुठून, आणि बंगला असलेल्या माणसाला वळकटी कशाला लागते? आणि तीन दिवस तू पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगातून काढला नव्हतास, हेही तेव्हाच आठवलं.

शनिवारी नोटीस खिशात घालून मी चौक गावी तुझ्या बंगल्याकडे आलो. बंगल्यावर पाहुण्यांसाठी खोल्या मिळतील अशी मोठी पाटी. हर्षदने मान वर न करता विचारलं, ‘बुकिंग आहे का?’ मग ओळखलं आणि म्हणाला, ‘काका, बाबा झोपलेत.’ (दुपारचे बारा वाजले होते.) मी पाय धुण्याच्या निमित्ताने मागच्या बाजूला गेलो. तिथे येसूबाई चादरी वाळत घालत होती. ती म्हणाली, ‘दादा, बाबा हितं मागं रातात. जून म्हयन्यात मुंबईच्या पावन्यांनी ढेकनांपायी कोरटात जातो म्हनून सांगितलं, तवा साऱ्या गाद्या नव्या आल्या. जुन्या हितं टाकल्यात. त्यातलीच एक बाबांच्या खाटंवर हाय. मी बोलले म्हनून सांगू नका.’

म्हणजे कायद्याने त्या पाहुण्यांना नवी गादी दिली आणि जुनी तुझ्या अंगाखाली आली. तू खोलीत नव्हतास. मी आत गेलो. जनरेटरच्या शेजारची खोली, भिंतीला टेकवलेल्या त्या जुन्या गाद्या, खाटेचे चारही पाय रॉकेलच्या डब्यांत. आणि जगदीश, खिडकीत तुझ्या बाटल्या होत्या. अकरा बाटल्या ओळीने, तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठ्या लावलेल्या. नमुना क्रमांक, जागा, वेळ, घेणारा जगदीश. तपासणाऱ्याची जागा प्रत्येकीवर मोकळी. तू रेघ मारली नव्हतीस. मी तिथे उभा राहून रडलो. लाजही वाटली, की फोन हर्षदच्या हातात असताना हा माणूस आपल्याला खोली सोड म्हणेल असं मी धरून चाललोच कसा. मग खिशातलं पेन काढलं आणि अकराही बाटल्यांवर सही केली. तुला ती दिसली असेल तर कोण येऊन गेलं हे तू ओळखलंच असशील.

घरी येऊन समीक्षाला फोन केला. म्हटलं, भाडेकरूचं कळलं, पाहुण्याचं कळलं, पण मालकालाच त्याच्या घरात ढेकूण चावत असतील तर त्याने कुठे जायचं? ती म्हणाली, आईबापांसाठीही कायदा आहे, प्रांतसाहेबांकडे अर्ज करता येतो, पण सही काकांची लागेल. सही तू करणार नाहीस. पोराचं नाव सरकारी कागदावर नको म्हणून तू ती वळकटी पुन्हा उचलशील, मी तुला ओळखतो. पण निदान मला तरी सांगायचं होतंस रे.

असो. घरातल्यांना आशीर्वाद लिहायचे असतात, ते या वेळी माझ्याकडे शिल्लक नाहीत. येसूबाईला नमस्कार. लोभ आहेच, तो असावा म्हणून तुझ्याकडे अर्ज करत नाही.

तुझा
कोंडीराम

ता. क. नोटीस बजावलेली नाही. समीक्षाने ती स्वतः फाडली आणि काकांची क्षमा मागायला सांगितली आहे. खोलीतले ढेकूण मात्र अजून आहेत, तेव्हा मालक म्हणून तुझी जबाबदारी संपलेली नाही.

ता. क. २. प्रांतसाहेबांचा अर्ज तिने टाइप करून ठेवला आहे. तो माझ्या कपाटात राहील. तू म्हणेपर्यंत मी त्याचा विषय काढणार नाही.

ता. क. ३. एक गोष्ट लपवली. शनिवारी परत निघालो तेव्हा तू समोरून येताना दिसलास. एका हातात दुधाच्या पिशव्या, पाहुण्यांसाठी असतील, आणि दुसऱ्या हाताने मान खाजवत होतास. खूप वाळला आहेस. मी रस्त्यापलीकडच्या गॅरेजपुढे उभ्या ट्रकमागे लपलो. नोटीस द्यायला आलेला माणूस मी, पण मला तुझ्याकडे बघवलं नाही. रविवारी सकाळी नऊला टेंपो घेऊन येतो आहे. दुसरी खाट इथे लावून ठेवली आहे. सामान काहीही घेऊ नकोस, वळकटी तर मुळीच नको. फाटकाशी उभा राहा. हर्षद समोर आला तरी मी या वेळी लपणार नाही.