तेलाच्या इंजिनाला कुंडीचं पाणी

१९ फेब्रुवारी १९५२
हललं माझं तेलाचं इंजिन! पण रिकामं. कापसाच्या गाठींचा एक डबा मागे लावला की धापा टाकून बंद. वाफेच्या इंजिनाचं बरं असतं, उभ्या जागी सगळा जोर लावता येतो. तेलाच्या इंजिनाला आधी स्वतः फिरावं लागतं, मग दुसऱ्याला ओढणार. सगळी मदार क्लच नि गिअरवर. खालचा गिअर अजून सावकाश हवा. उद्या नकाशा पुन्हा काढणे.
गिरणीचे शेठ म्हणाले, "जिनिंगचं इंजिन चाकांवर ठेवलं म्हणजे रेल्वे झाली काय, इंजिनियरबाबू?" सगळे हसले. मीही. राग आलाच.

२८ फेब्रु.
नवा गिअर बसला. दोन भरलेले डबे गिरणीच्या सायडिंगवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढले. मामांनी आपल्या वाफेच्या इंजिनावरून शिट्टी वाजवून सलामी दिली. त्यांची हयात गेली त्या इंजिनावर. आई गेल्यावर मला वाढवलं तेही त्याच पगारात. माझं इंजिन चाललं तर शेठ त्यांचं भंगारात काढणार. मामांना माहीत आहे, मलाही. 

५ मार्च
ऊन आत्ताच मी म्हणतंय. उघड्या टाकीतलं पाणी उकळून उडून जातं, दिवसभर भरत बसा. जिनिंगमध्ये, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, याच इंजिनाला मोठा हौद होता. इथे टाकी एवढीशी. रेडिएटर पाहिजे. शेठ : आधी चालवून दाखवा.
सकाळी मामा गावाजवळच्या लालबागहून येताना सायकलला डबे बांधून कुंडी भंडाऱ्याचं, डोंगरातून भुयारी कुंड्यांमधून येणारं पाणी घेऊन आले. "तापीचं गढूळ राहते रे विन्या. पाव्हन्याले आपन कुंडीचंच देतो ना? मग ह्याले बी दे." खरंच, आपल्या गावात दारी कोणी आलं की आधी कुंडीचं पाणी, मग चहा. गहिवरून आलं. डबे लगेच टाकीत ओतले.

२२ मार्च
मामांचं पाणी रोज येतं. नको म्हटलं तर ऐकत नाहीत.
रेल्वेचे मोठे साहेब सायडिंग बघायला येणार, मे महिन्यात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, संस्थानांच्या रेल्वे एक केल्यात, नवे साहेब नवी यंत्रं शोधताहेत म्हणे. शेठ एकदम खूश. "पसंत पडलं तर आणखी बनवू." आणि नाही पडलं तर? "तर परत जिनिंगमध्ये. इंजिन बी, तुम्ही बी."

९ एप्रिल
तापतंय. टाकी काठोकाठ, तरी तापतंय. शेठ म्हणतात क्लच घासतो. आजार म्हशीला, औषध पखालीला. तरी उघडला. क्लच ठणठणीत.

११ एप्रिल
सिलिंडरच्या हेडला, वरच्या झाकणालाच, तडा. भरले डबे ओढताना. वाफ, काळं तेल, आरडाओरडा. कोणाला लागलं नाही हे नशीब. शेठ सगळ्यांदेखत : "डिझाइनच फसलं." जेवण गेलं नाही.

१२ एप्रिल
हेड उतरवलं. आत पाणी फिरायच्या वाटेत पांढरा दगडासारखा थर, रुपयाएवढा जाड. पाण्याला जागाच नाही. प्यायला गोड असलं तरी कुंडीचं पाणी डोंगरातला चुना घेऊन येतं. कुंड्यांच्या भिंतींवर तो थर लहानपणापासून बघतोय. तरी तेच पाणी रोज उकळवत राहिलो. डिझाइन फसलेलं नाही!
दु. मामांच्या इंजिनाच्या फायरमनला सहज विचारलं, तुम्ही कुठलं भरता? "तापीचं. कुंडीचं कधीच नाही. बॉयलरले पपडी धरते, मामा लई चिडतात."
म्हणजे

१३ एप्रिल
घरी बायकोला, शालूला सांगितलं. ती माझ्यावरच उखडली. "अहो, तुमच्या इंजिनात बॉयलर कुठंय? त्यांना वाटलं असेल, इथे नाही धरणार. मामांवर संशय घेता?" असेलही तसं. पण पाणी त्यांच्यासमोरच उकळत होतं की.

१५ एप्रिल
जिनिंगमध्ये बंद पडलेल्या जुळ्या इंजिनाचं हेड आणून बसवतोय. शेठ रोज कारण विचारतात. खरं सांगितलं तर म्हणतील म्हाताऱ्याने मुद्दाम केलं, त्याच दिवशी घरी बसवतील. नाही सांगितलं तर डिझाइन वाईट ठरतं, साहेबांना दाखवणारच नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर. "शोधतोय" म्हणालो.

१७ एप्रिल
सं. लोधीपुऱ्यात मामांकडे. ते जेवत होते. मामींनी माझंही ताट वाढलं.
"मामा, तुम्ही बॉयलरात कुंडीचं पाणी का घालत नाही?"
"तू इचारून राह्यला का सांगून राह्यला?"
"विचारतोय."
"पपडी धरते."
"मग माझ्या इंजिनात?"
भाकरी मोडत राहिले. "ह्याच्यात भट्टी नाही, बाबा. मले वाटलं, नाही धरनार." मग ताटाकडे बघत, "पयले तसंच वाटलं."
पयले म्हणजे? नंतर काय वाटलं, ते विचारवेना. मामी म्हणाल्या, "पोराले अजून भाजी वाढू का?" वाढली. खाल्ली. वाईट वाटतं, आणि संतापही येतो. दोन्ही एकाच माणसाचे.

२० एप्रिल
नवं हेड बसलं. आता तापीचंच पाणी, गाळून, उकळून थंड केलेलं. दुपारभर चाललं, तापलं नाही.
सं. मामा आले, सरळ माझ्या इंजिनावर चढले. "साहेब येतीन तवा मीच चालवीन. शिकव मले." जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. दाखवलं. क्लच कधी सोडायचा, दांडा कसा हळू ओढायचा. माझ्यापेक्षा लवकर हात बसला त्यांचा. पन्नाशीनंतर नवं शिकणं सोपं नाही. मला अभिमान वाटला, या माणसाचा, अजूनही.
तेवढ्यात शेठ आले. खालूनच ओरडले, "मिला क्या कारण, इंजिनियरबाबू?"
मामा माझ्याकडे बघत होते.
मी म्हणालो, "उद्या सांगतो."
मामांनी दांड्यावरचा हात काढला आणि ते उतरून गेले. हाक मारली. थांबले नाहीत. शेठ सकाळी दहाला बोलावतात. मामा त्याआधी येतात की नाही, आणि आले तर मी त्यांच्या तोंडावर शेठना पाण्याचं खरं कारण सांगू शकेन की नाही, माहीत नाही.