लाल गाडीचा बसलेला आवाज

१२ जाने., सोम.

१. वकीलबाईंच्या दोन्ही स्पोर्ट्स कार अब्बांच्या गॅरेजच्या शेडमध्ये. मॉडेल एकच, इंजिन वेगळं. लाल जुनी, बिनटर्बोची. राखाडी नवी, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा.
२. वकीलबाई एकच ठेवणार. लाल घ्यायला मुंबईचा एक माणूस तयार आहे, तो पुढच्या सोमवारी येतोय. कोणती ठेवायची ते अब्बांनी सांगायचं.
३. अब्बांनी लाल चालवली. म्हणाले, वर गेल्यावर आवाज बसलाय.
४. एअर फिल्टर, प्लग, इनटेक, सायलेन्सर, सगळं काढून पाहिलं. तीन आठवडे. दोष सापडला नाही.
५. राखाडी चालवली. म्हणाले, दोघी सारख्याच वाजतात.
६. पाचवं शक्य नाही. टर्बोचा आवाज वेगळाच असतो.

पुण्याला परतायचं तिकीट रविवारवर ढकललं. माझं कामच इंजिनांचे आवाज मोजण्याचं, माइक बॅगेत असतोच. अम्मी म्हणाली, "ऱ्हातेस आनखी? माज्यासाठी?" मी हो म्हटलं. अर्धं खरं.

१३ जाने., मंगळ.

चौलच्या पुढे एका बिल्डरचा लेआउट. सिमेंटचा सरळ रस्ता, दिव्यांचे खांब, गेटवर प्लास्टरचे दोन सिंह, घर एकही नाही. वॉचमन अब्बांच्या ओळखीचा. चाचणी इथेच.

लाल: खाली सुस्त. ४००० आरपीएमच्या वर जागी होते, मग ७४०० पर्यंत चढतच जाते. पाय आणि इंजिन यांच्यात मधलं कुणी नाही. जेवढं दाबाल तेवढं, लगेच.

राखाडी: पाय दिला की क्षणभर विचार करते, मग २००० पासूनच पाठीत ढकलते. गिअर बदलायची फारशी गरज नाही. खड्डा, स्पीडब्रेकर, म्हैस, काहीही येवो, पुन्हा वेग घेते. प्रत्येक बाबतीत जलद.

कागदावर राखाडी जिंकते. मी कागद मानते. पण लाल गाडीत दुसऱ्या फेरीला मोठ्याने हसले. अब्बा रस्ता पाहत होते, बरं झालं.

अब्बा राखाडीवर खूश नाहीत. "लाल आपल्या दमानं श्वास घेते. हिला फुंकर मारायला दुसरा लागतो." मग म्हणाले, "आनी टर्बो हाय तर शिटी कुठं? कंपनीनं ती पन काढली?"

काच उघडी होती. शिटी मला स्पष्ट ऐकू येत होती.



१४ जाने., बुध.

शेजारच्या काकूंचा तिळगूळ आला. अम्मीने त्यांना देण्यासाठी बांगडे आणायचं ठरवलं. संक्रांतीला बांगडे! म्हणाली, "त्यांना चालतात, मना म्हायती हाय."

तिला बंदरावर राखाडीने नेलं. मासळीची पिशवी मांडीवर, खाली दोन प्लास्टिक, वकीलबाईंच्या सीटची काळजी. मी जरा पाय दाबला.

"ह्या गाडीत कुकर लावलाय काय गो? शिटी होऊ होऊ होते आनी होत नाय."

घरी येऊन तिने हेच अब्बांना सांगितलं.

अब्बा: "कसली शिटी?"

अम्मी: "तुमी ऱ्हाऊ द्या. घरातल्या कुकरच्या सहा झाल्या तरी तुमी बाजूला बसून पेपर वाचता. परवा डाळीचं सूप पाजलं मी तुमाला."

"तेच म्हटलं, डाळ येवढी पातळ कशी."

आम्ही तिघं हसलो. मी आधी थांबले.

१५ जाने., गुरु.

सकाळी दोन्ही गाड्यांचं रेकॉर्डिंग, माइक एकाच जागी, खिडकी सारखीच उघडी. दोन्हीचे आलेख काढले. लालचा वरचा भाग भरलेला, आहे तसा, काहीही बसलेलं नाही. राखाडीत एक बारीक रेघ, वेगाबरोबर वर चढत जाणारी. तीच शिटी.

दुपारी शेडमध्ये स्पीकर लावला. अब्बांना म्हटलं, स्पीकर तपासतेय, आवाज आला की हात करा. (खोटं.) खालचे सूर: हात वर. मधले: हात वर. २००० हर्ट्झ: "जरा मोठा कर." नंतर ४००० हर्ट्झचा लावला. अब्बा बांगड्याच्या भावाबद्दल बोलत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"लाव ना आता."

चालू होता.

कुवेतच्या गॅरेजात बावीस वर्षं, शेजारी नट खोलायची एअर गन, कानावर काही नाही. नुसत्या आवाजावरून कोणता व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगणारा माणूस. रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत लोक गाडी आणतात ती याच कानासाठी. हे त्यांना सांगायचं कसं? मला आकडे सांगता येतात. बाकीचं नाही.

१६ जाने., शुक्र.

जुम्म्याची नमाज करून अब्बा थेट शेडमध्ये आले, लालचं बॉनेट पुन्हा उघडलं. चौथ्यांदा फिल्टर. हातात टॉर्च होता. ते मला बघवलं नाही. लॅपटॉप आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"ही रेघ कसली?"

"शिटी."

"कोनाची?"

"राखाडीची, अब्बा."

अब्बांनी बोट लावून रेघ खालपासून वरपर्यंत पाहिली. मग चष्मा पुसला.

"काल तो स्पीकर..."

"हो."

"चालू व्हता?"

"हो."

मी पुढची वाक्यं तयार ठेवली होती, सौम्य आणि क्रमाने. त्यांनी बोलूच दिलं नाही.

"आनी लाल?"

"लालचा आवाज पूर्ण आहे. वर सगळा आहे. हा बघा."

"म्हंजे दोष नाय?"

"गाडीत नाही."

अब्बा उठले आणि शेडच्या दारातून ओरडले, "अगो, गाडी बरी हाय! लाल बरी हाय!" अम्मी पिठाच्या हाताने धावत आली. तिला वाटलं कुणी तरी पडलं.

खरंच नाचायचे बाकी होते. बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "तीन हप्ते झोपलो नाय. मना वाटलं, माजा हात गेला. सगळं खोलतोय, दोष दिसत नाय, म्हटलं, संपलास तू. आनी च्यायला, फिल्टर माजाच चोक!"

मी यासाठी तयार नव्हते. दुःखासाठी तयार होते.

वकीलबाईंना फोन, स्पीकरवर. "लाल ठेवा, मॅडम. जलद पळायचं असेल तर राखाडी. रोज शेडमधून काढावीशी वाटायला पायजे, तर लाल."

"आणि उस्ताद, तो दोष?"

"सापडला. गाडीत नव्हता, ऐकनाऱ्यात व्हता."

त्या खूप हसल्या. मुंबईच्या माणसाला नको म्हणून कळवते, म्हणाल्या.

चहा घेताना मी कान तपासण्याचा विषय काढला. अब्बा म्हणाले, "गाडी बरी हाय ना? मग झालं." पुन्हा काढला. "कानात मशीन लावलेला उस्ताद कोन मानेल गो?" तिसऱ्यांदा त्यांना ऐकूच आलं नाही. हे सोयीचं आहे.

१७ जाने., शनि.

अब्बा अम्मीला लाल गाडीत घेऊन लेआउटवर गेले. मी राखाडीने मागून. अम्मीने नवी ओढणी घेतली होती. लग्नाला चाललीस का, विचारलं. "गप गो."

मी गेटवर सिंहाशेजारी थांबले. लाल पार टोकाला गेली, वळली, आणि आली. आधी नुसती घरघर, मग चढत चढत ती वरची किंकाळी, भरपूर, शेतांवरून बगळे उडाले. अब्बांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा तळहात दाराच्या पत्र्यावर सपाट टेकलेला. आवाज हाताने घेत होते. अम्मीने दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि तोंड उघडं, हसत.

मीटरवर ९४ डेसिबल. नोंद केली.

उतरून अब्बा म्हणाले, "खालचा समदा कळतो. वरचा तू सांग, कसा हाय?"

मी आकडा सांगितला.  ते म्हणाले, "आकडा नको. कसा हाय?"

मी प्रयत्न केला. बारीक कापड एका झटक्यात टर्रकन फाटावं तसा, म्हटलं. त्यांनी मान हलवली. "व्हय. तसाच व्हता."

जेवताना दोघंही तेच तेच सांगत होते, कुठल्या खांबापाशी किती वेग. अम्मी वेग वाढवून सांगते. कान सोडून सगळ्यावर बोलणं झालं.

रात्री त्यांच्या हत्यारांच्या ट्रॉलीवर कागद ठेवला, वर दहाचा पाना. अक्षर मोठं काढलं. इथे उतरवून ठेवते:

अब्बा,
लाल गाडीचं तुम्ही सगळं खोलून पाहिलंत, मी मोजून पाहिलं, तेव्हा कळलं की ती बरी आहे. कान नुसते तपासायचे आहेत. मशीन लावायचं की नाही ते नंतर, आणि ते तुम्हीच ठरवा.
अलिबागला कानाच्या डॉक्टरांकडे मंगळवारी सकाळी वेळ मिळते, किंवा बुधवारी संध्याकाळी. मी रजा वाढवेन. लाल गाडीने जाऊ, तुम्ही चालवा.
कोणता दिवस, ते उद्या, रविवारी, दुपारच्या जेवणापर्यंत सांगा.
— शबाना