अमेरिकेची सीडी आणि बारावं वर्ष

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.
गावी जाऊन आले. पानं वाढताना बाळाकाका म्हणाले, "एक पान जास्त घ्या." कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती. आईने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. "माझ्या जित्या पोराचं पान मी वाढायची नाय."
काकांनी आवाज चढवला नाही, त्याचीच भीती वाटली. दादाचा शेवटचा फोन आला त्याला या श्रावणात बारा वर्षं झाली. बारा वर्षं खबर नसली की माणूस गेला असं धरायचं, दर्भाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म करायचं, ही रीत. त्रिपुरी पौर्णिमा झाली की उरकू म्हणाले. उरकू! भातकापणी आहे का ती?
वहिनी पंक्तीला वाढत होती. तिला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२३ सप्टें.
नवरात्राच्या ब्लाउजांचा ढीग आणि डोक्यात ते पार्सल. शेवटच्या फोनवर दादा म्हणाला होता, जहाजावरची नोकरी सोडली, इथे अमेरिकेत एका हॉटेलात लागलोय, इथे सिनेमाचं शूटिंग आहे, मी पण दिसेन बहुतेक. मग फोन बंद. त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेहून पार्सल. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. नुसती एका इंग्रजी सिनेमाची सीडी. तेव्हा महाडात कुणाच्याच प्लेअरवर ती चालली नाही. आईने देवाच्या कपाटात ठेवून दिली.
भटजींना फोन केला. म्हणाले, "शेवटची खबर कुठली ते घरच्यांनी ठरवा. मी तिथून मोजतो."
म्हणजे दादा त्या सिनेमात दिसला, तर पार्सल त्यानेच पाठवलं. मग बारा वर्षं पार्सलपासून. अजून दोन वर्षं हातात आहेत. आईला कळवलं. तिने सीडी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवते म्हटलं. मी ओरडले. स्वतः जाऊन आणणार.

२६ सप्टें., शुक्र.
आणली. आता कुणाच्या घरी प्लेअर राहिलेत? लॅपटॉपला खाचच नसते. नेटवर शोधलं तर सिनेमाचं पोस्टर तेवढं मिळालं. सीडी घेईल असं घरात एकच यंत्र, ह्यांचा टीव्हीला लावायचा गेम. जुना, मुंबईहून आणलेला. कंपनीतून आले की त्यावर गाड्या पळवतात. बायकोपेक्षा जास्त जपतात त्याला.
घातली. पडद्यावर इंग्रजीत पाटी: हा प्रदेश चालणार नाही. काढली, पुसली, परत घातली. तीच पाटी.
हे म्हणाले, "त्याच्यात काहीबाही घालू नकोस हं."

२८ सप्टें., रवि.
वहिनी आली. बिरवाडीला खोली घेऊन राहते, कंपनीत पॅकिंगला आहे, रविवारी सुटी. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होईल. तिने चहा न पिताच कप बाजूला सारला. मग म्हणाली, "चालली तर मी बघितल्याबिगर तुमी बघायची नाय. नवरा माझा हाय." शब्द दिला.

३० सप्टें.
बाजारात रफीकभाईंकडे गेले. टीव्ही, रेडिओ, मिक्सर सगळं उघडतात. त्यांनी सीडी उजेडात धरली. "ताई, ही अमेरिकेत विकायची. आपल्याकडच्या मशीनला ती ओळखच देत नाही. कंपन्यांनीच कुलूप घातलंय, तिकडचं तिकडे, इकडचं इकडे. सीडीलासुद्धा व्हिसा लागतो म्हणा."
उपाय आहे. त्यांच्याकडे एक चावीची सीडी आहे. ती आधी घालायची, ती विचारते कुठला प्रदेश, अमेरिकेचा एक नंबर द्यायचा, आणि मशीन बंद न करता ती काढून आपली घालायची. मधे लाइट गेली किंवा हात चुकला तर? "अडकेल. कधी कधी कायमचं." हे त्यांनी हसत सांगितलं. माझी पाचावर धारण.

२ ऑक्टो. दसरा.
ह्यांनी मोटरसायकल, पाने, माझं शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा केली. गेमचीसुद्धा. हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचा हार. म्हटलं, हे काय? तर म्हणे, "यंत्रच ना ते?"

३ ऑक्टो.
हे दुपार पाळीला गेल्यावर केलं. रफीकभाईंनी दिलेली चावीची सीडी घातली. आत खर्रर्र, मग खट, आणि बंद. लाल दिवा. परत चालू केलं, परत खर्रर्र.
मारला मी गेम. आता ह्यांना काय सांगू. सीडीवर चरा तर गेला नसेल? पण दादाची घातलीच नव्हती. नव्हतीच ना? हो, ती डब्यात आहे. तीनदा बघितली.

५ ऑक्टो.
ह्यांना अजून कळलेलं नाही. रात्रपाळी लागली म्हणून खेळले नाहीत. मी देव पाण्यात घालून बसलेय. काकांचा निरोप, भटजींना सांगून ठेवलंय. आईने जेवण कमी केलंय म्हणे. एका ब्लाउजाच्या बाह्या उलट्या लावल्या.

७ ऑक्टो.
राहवेना. गेम पिशवीत घालून रफीकभाईंकडे. त्यांनी झाकण उघडलं, चिमटा आत घातला आणि तांदळाचे दाणे काढून कागदावर मांडले. कुंकवाने लाल झालेले. "ताई, याला जेवू पण घालता?"
हसावं की रडावं कळेना. अक्षता! आणि मी इतके दिवस स्वतःला खात होते.
घरी आल्यावर ह्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. हे म्हणाले, "पूजा मीच केली ना. मग तुला कसा बोलू." मग म्हणाले, गावी न्यायचा तर ने, तुझ्या आईला कुठे खाली महाडला येता येतंय.

९ ऑक्टो.
चाललं. चावी घातली, एक नंबर दिला, काढली, दादाची घातली. गाणं सुरू झालं, समुद्रकाठचं शहर, इंग्रजी नावं.
बंद केलं. शब्द दिलाय.

१५ ऑक्टो.
दिवाळीची गिऱ्हाइकं. सीडी शेजारी. एक बटण दाबायचं काम आहे. आज डबा दोनदा उघडला. नाही बघितली.

२३ ऑक्टो. भाऊबीज.
संध्याकाळी चंद्राला ओवाळलं, दरवर्षीसारखं. भाऊ समोर नसला की चंद्राला ओवाळायचं, तसं. वहिनी फराळाला आली होती. मागे उभी राहून बघत होती. मग एकदम म्हणाली, कंपनीत एक जण आहे, बायको वारलेली, सरळ माणूस. त्याने विचारलंय.
"मी काय सांगू त्यांना? हळदीकुंकवाला बाया बोलवतात, आन् कुंकू लावताना हात थांबतो त्यांचा. मला सवाष्ण म्हणावं का रांडव, कुणालाच ठावं नाय. मला पण."
मला राग आला. लगेच लाजही वाटली. बारा वर्षं मी चंद्राला ओवाळते आणि घरी येऊन नवऱ्याला चहा देते. ती कुणाला देते?
रविवारी आई, वहिनी आणि मी, तिघींनी गावी बघायचं ठरलं.

२६ ऑक्टो., रवि. गावी.
पोलादपूरपासून रिक्षा. गेम मांडीवर. घरातला जुना टीव्ही, रफीकभाई म्हणाले होते तसंच झालं, अमेरिकेच्या सीडीचे रंग त्याच्यावर आले नाहीत, सगळं काळंपांढरं. आई अगदी पुढे पाटावर, मी आणि वहिनी मागे भिंतीला टेकून. इंग्रजी कळत नव्हतं, कळायचं नव्हतंही. आम्ही मागची माणसं बघत होतो.
आई दर थोड्या वेळाने, "ह्यो काय गो?" मी, नाही. "मग ह्यो?" नाही.
मग हॉटेल आलं. नट-नटी भांडत बसलेत. त्यांच्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि दादा बाहेर आला.
दादाच. हातावर कोपरापर्यंत ताटल्या, कशेडी घाटातल्या हॉटेलात कामाला असताना घ्यायचा तशा. टेबलाशी वाकला, सरळ झाला, कुणाला तरी हसला आणि आत गेला. मला एवढा आनंद झाला की ओरडणारच होते. वहिनीचा हात माझ्या मनगटावर होता. केव्हा ठेवला माहीत नाही. बांगड्या रुतल्या.
आई म्हणाली, "ह्यो? मला धड दिसत नाय. सगळी एकसारखीच दिसतात. सूनबाय, तू सांग. ह्योच काय?"
वहिनीने हात काढून घेतला. "नाय आई. हे ते नव्हेत."
आई माझ्याकडे वळली. मी म्हटलं, पुढे बघू.
पुढे तो परत आला नाही. सिनेमा संपला. वहिनी उठून चुलीकडे गेली आणि शेवटपर्यंत तोंड माझ्याकडे केलं नाही.

२७ ऑक्टो. महाड.
येताना रिक्षात वहिनी एकच वाक्य बोलली. "ताई, तुमी बहीण हाय. तुमाला जे दिसलं ते सांगा, मी रागवायची नाय." आणि रडली. मला तिचं खोटं कळलंय हे तिला ठाऊक आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. असं सांगण्यापेक्षा भांडली असती तर बरं.
दादा होता. निदान तेव्हा होता. आईला सांगितलं तर ती आज पोटभर जेवेल. आणि वहिनी आणखी दोन वर्षं तशीच, ना इकडची ना तिकडची. आणि नाही सांगितलं तर जित्या भावाचा पुतळा जाळायला मी उभी राहणार. त्याने एक चिठ्ठी घातली असती आत. एक ओळ. इतका राग मला त्याचा कधी आला नव्हता.
सकाळी, आईला विचारण्याआधीच, काकांचा फोन. "काय गो, दिसला काय?"
म्हटलं, मधेच लाइट गेली, अर्धाच झाला.
"बरं. मग येत्या रविवारी तुज्याकडं येतो. तुमच्या टीव्हीवर रंग तरी येतात. मी बघतो."
काकांचे डोळे अजून चांगले आहेत. दादाला त्यांनी खांद्यावर खेळवलंय, ते ओळखतील.
दुपार झाली. सीडी शिलाई मशीनवर ठेवलीय, डब्याबाहेर. दादाचा हसरा चेहरा तिच्यात आहे, दुसरीकडे कुठेही नाही. एक चरा गेला, तर तिच्यातही नाही. कात्री हातात आहे, ब्लाउज बेतायला घेतलेली. अजून बेतलेला नाही.